भाडे थकले, घरही सुटत नाही

नगरला सावेडीत एका काकूंचे घर आहे असे धरू. नाव नको, हे उदाहरण मी रचलेले आहे, पण अशी घरे पाइपलाइन रोडपासून केडगावापर्यंत कुठल्याही गल्लीत सापडतील. काका वारले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या महिना ६,००० रुपयांनी दिलेल्या. त्या भाड्यातून काकूंचे औषधपाणी, लाईटबिल आणि घरपट्टी भागते. चार वर्षे सगळे नीट चालले. मग एका एप्रिलमध्ये भाडे आले नाही. "पगार झाला की देतो, काकू." मे गेला, जून गेला. दिवाळी उलटून नोव्हेंबर संपला तेव्हा आठ महिन्यांचे ४८,००० रुपये अंगावर आले होते, आणि आता वरचे दार वाजवले तरी उघडत नव्हते.

अशा वेळी सल्ला द्यायला गल्लीत माणसे कमी नसतात. एक म्हणतो, नळाची चावी बंद करा, बाहेर गेले की कुलूप घाला. दुसरा म्हणतो, नाद सोडा, भाडेकरूला काढताच येत नाही. पहिला सल्ला काकूंनाच आरोपी करील. दुसऱ्यापायी त्यांचा हक्क काळाच्या ओघात बुडेल. कायद्याची वाट या दोन्हींच्या मधून जाते. ती लांब आहे, पण तिचा एकेक टप्पा ठरलेला आहे. तो ओळीने समजून घेतला की निम्मी भीती जाते.

भाडेकरूला काढण्यावरचा निर्बंध आपल्याकडे नवा नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली तेव्हा १९१८ मध्ये भाडे रोखणारा पहिला कायदा आला. तो युद्धापुरताच होता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तसेच कायदे आले आणि १९४७ मध्ये मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. तोही तात्पुरता म्हणूनच आला आणि मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला. त्यात पुष्कळ जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला जखडलेले होते. ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. काकूंची वाट याच कायद्यातून जाते.

करोनाच्या काळात या जुन्या निर्बंधावर आणखी एक थर चढला, आणि आजचे बरेच गैरसमज तिथलेच आहेत. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की मजुरांकडून महिनाभर भाडे मागू नये, आणि मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना खोलीबाहेर काढणाऱ्या मालकावर कारवाई व्हावी. १७ एप्रिल २०२० ला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली: भाड्याची वसुली किमान तीन महिने पुढे ढकला, आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका. यात शब्द होता तो पुढे ढकलण्याचा. माफीचा उल्लेख कुठेच नव्हता. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता "तीन महिने भाडे माफ" असे त्याचे रूप झाले आणि नंतर कित्येकांनी तेच खरे मानून वाद घातला.

शिर्डीत हा वाद सगळ्यांत तीव्र होणे साहजिक होते. साईमंदिर १७ मार्च २०२० ला दर्शनासाठी बंद झाले ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडले. ५ एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद झाले ते ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडले. म्हणजे दोन वर्षांत मिळून चौदा महिने मंदिराचे दार भक्तांना बंद. हार-फुले, पेढे, तसबिरी विकणाऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे रांगेतला भाविक. रांगच नाही तर त्याने गाळ्याचे भाडे कुठून द्यायचे? आणि त्याच गाळ्याच्या भाड्यावर बँकेचा हप्ता फेडणाऱ्या मालकाने तरी काय करायचे? माझी सहानुभूती दोघांनाही आहे.

कायद्याने मात्र इथे फरक केलेला आहे. जागा आगीत जळाली, पुरात वाहून गेली, कायमची निकामी झाली, तर भाडेपट्टा संपला असे भाडेकरूला म्हणता येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये तशी सोय आहे. धंदा बसला म्हणून भाडे संपत नाही. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात न्या. प्रतिभा सिंह यांनी २१ मे २०२० ला हेच सांगितले: करारात तसे कलम नसेल आणि जागा भाडेकरूच्याच ताब्यात असेल, तर टाळेबंदीमुळे भाडे थांबवता येत नाही, फार तर भरायला थोडी सवड मिळेल. हा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे, पण त्यातला विचार आपल्याकडच्या गाळ्यांनाही तितकाच लागू पडतो. म्हणूनच आता करार करताना आपत्तीच्या काळातल्या भाड्याचे कलम दोघांनी बसून लिहावे. निम्मे द्यायचे की नंतर हप्त्यांनी द्यायचे हे संकट यायच्या आधीच ठरलेले असले की संबंध टिकतात.

करोनाच्या काळात न्यायालयांनीही हात आखडता घेतला होता. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने घर रिकामे करून घेण्याच्या हुकुमांची अंमलबजावणी काही काळ रोखून धरली. ज्यांच्या हातात हुकूमनामा होता तेही थांबले. हा थर आता गेला. कायमचा आहे तो १९९९ च्या कायद्याचा निर्बंध, आणि त्याचे मर्म कलम १५ मध्ये आहे.

कलम १५ साध्या भाषेत असे सांगते: भाडेकरू प्रमाण भाडे (कायद्याच्या हिशेबाने ठरणारे मूळ भाडे) आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देत असेल, किंवा द्यायला तयार आणि राजी असेल, तोवर थकबाकीच्या कारणाने मालकाला ताबा मिळणार नाही. भाडे थकले तरी लगेच दावा लावता येत नाही. आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, ती पोचल्यापासून ९० दिवस थांबायचे, आणि तरीही पैसे आले नाहीत तरच दावा. दावा लागला तरी भाडेकरूला आणखी एक संधी असते: समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी द.सा.द.शे. १५ सरळव्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा निकाल लागेपर्यंत दरमहा भाडे भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. अशा प्रत्येकी ९० दिवसांच्या दोन संधी आहेत. पुढच्या सगळ्या धावपळीचा अर्थ त्यांतूनच लागतो.

मला हा नियम रास्त वाटतो. आजारपण, गेलेली नोकरी, मुलीचे लग्न, अशा अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला सावरायला सहा महिने हे काही फार नाहीत. मालकाचे नुकसान या दोन संधींपेक्षा तारखांवर तारखा पडण्याने जास्त होते. आणि त्याहूनही जास्त होते ते मालकाने सुरुवातीलाच केलेल्या चुकांनी.

पहिली चूक कागदाची. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. वर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. काकूंनी तोंडी खोल्या दिल्या असतील आणि भाडेकरू "भाडे ६,००० नव्हे, ४,००० ठरले होते" म्हणाला, तर लढाई तिथूनच सुरू होते. तेव्हा नोटिशीच्या आधी काकूंनी एक दुपार कपाटासमोर काढावी. पासबुकात किंवा मोबाइलवर ६,००० रुपये जमा झाल्याच्या नोंदी, पावती पुस्तकाची स्थळप्रत, "काकू पाठवले बघा" असा संदेश, पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची प्रत, काय मिळेल ते काढून तारखेवार लावावे. काकांच्या नावावरचे घर वारसांच्या नावे झाले आहे का हेही सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर पाहावे. नसेल तर सगळ्या वारसांच्या वतीने नोटीस गेलेली बरी.

पावतीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण निम्मी प्रकरणे इथेच फिरतात. प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. न देणे हा गुन्हा आहे. बऱ्याच मालकांना वाटते की पावती दिली की भाडेकरूचा हक्क लागतो. हक्क पावतीने लागत नाही, जागा भाड्याने दिल्याने लागतो. पावती दिली नसेल तर उद्या भाडेकरू शपथेवर सांगेल की मी दर महिन्याला रोख देत होतो, यांनी पावती दिली नाही, आणि ते खोडून काढायला मालकाकडे काहीच नसेल. पावती पुस्तकात एप्रिलनंतरची पाने कोरी असली तरच ती कोरी पाने बोलतात.

आता नोटीस. ती रागाचे पत्र नसते, हिशेब असतो. जागेचे वर्णन, भाड्याचा दर, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत थकले, एकूण किती, आणि ते ९० दिवसांत द्यावे ही मागणी, एवढे नेमके हवे. मागे भाडे वाढवले असेल तर ते कायद्यात बसते का पाहावे. वर्षाला ४ टक्के वाढ कायद्याने मान्य आहे. मनाला येईल तो आकडा लिहिला तर भाडेकरूला प्रमाण भाडे ठरवून मागायचे निमित्त मिळते. घर पती-पत्नी दोघांच्या नावे घेतलेले असेल तर नोटीस दोघांच्या नावे. पाठवायची ती पोचपावतीसह.

त्या पोचपावतीच्या चिमुकल्या कार्डाची किंमत फार आहे. त्यावर सही आणि तारीख आली की ९० दिवस तिथून मोजायचे, नोटीस लिहिल्याच्या तारखेपासून नव्हे. सही न होता पाकीटच परत आले तर ते फोडू नका. त्यावर पोस्टमनने काय शेरा मारला आहे ते वाचा. पत्ता बरोबर असेल आणि "घेण्यास नकार" असा शेरा असेल, तर नोटीस बजावली असे न्यायालय धरते. सूचना देऊनही पोस्टातून नेले नाही असा शेरा असेल तरी बहुधा तसेच. "सोडून गेले" असा शेरा असेल तर मात्र पुन्हा पाहावे लागते. शंका असेल तर घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती देणे, आणि तेही जमत नसेल तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवणे, हे मार्ग मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये आहेत. चिकटवताना दोन शेजाऱ्यांना साक्षीला घ्या, फोटो काढा.

काकूंची नोटीस १० डिसेंबरला पोचली असे धरू. डिसेंबरचे २१ दिवस, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे १०. म्हणजे १० मार्चला ९० पुरे. दावा ११ मार्चनंतर. पाच दिवस आधी लावलेला दावा थकबाकीच्या मुद्द्यावर टिकत नाही आणि सगळा खेळ पहिल्यापासून मांडावा लागतो. इतकी साधी मोजणी चुकून वर्षे वाया जातात, हे सांगताना मला वाईट वाटते.

या ९० दिवसांत काकूंनी काय करायचे? भाडे आले तर घ्यायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण राग इतका असतो की "आता पैसे नकोत, खोली रिकामी कर" असे तोंडून जाते. पूर्ण थकबाकी घेऊन आलेल्याला परत पाठवले तर तो तीच रक्कम मनिऑर्डरने पाठवतो, मनिऑर्डर नाकारल्याचा कागद जपून ठेवतो आणि न्यायालयात "मी तयार व राजी होतो" हे त्या कागदाने सिद्ध करतो. थोडी रक्कम आली तर घ्या आणि पावतीवर लिहा, "थकबाकीपोटी, हक्क अबाधित ठेवून". खात्यात परस्पर आली तर तसाच संदेश त्याच दिवशी पाठवा.

आणि काय करायचे नाही? पाणी तोडायचे नाही, लाईट तोडायची नाही. जीवनावश्यक सोयी सबळ कारणाशिवाय बंद करणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि भाडेकरू थेट न्यायालयातून त्या पुन्हा सुरू करून घेऊ शकतो. थकलेल्या बिलासाठी महावितरणने स्वतः जोडणी तोडणे वेगळे आणि मालकाने फ्यूज काढून खिशात घालणे वेगळे. कुलूप तर नाहीच. कायद्याची वाट सोडून ताबा घेतला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांत दावा लावून भाडेकरू ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच निघत नाही. सामान रस्त्यावर काढले तर फौजदारीही होते. पोलीस ठाण्यात जाऊनही भाडे वसूल होत नाही. हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे अशी समज लिहून हातात मिळते, आणि ती बरोबरच असते.

मुदत संपली, पैसे आले नाहीत. आता दावा. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात; नगर, संगमनेर, श्रीरामपूर किंवा कोपरगावात ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. थकबाकी कितीही असली तरी तिथेच. दाव्यात फक्त थकबाकीचे कारण घातले तर भाडेकरू दुसऱ्या संधीत पैसे भरून राहू शकतो, हे विसरू नका. इतर खरी कारणे असतील तर तीही घालावीत: पोटभाडेकरू ठेवला आहे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले, जागा कारणाशिवाय सहा महिने बंद ठेवली, किंवा मालकाला स्वतःला जागेची खरी गरज आहे. काकूंचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून खरोखरच परत येत असेल तर ती गरज आहे. फक्त न्यायालय दोघांची अडचण तोलून पाहते, कोणाला जास्त त्रास होईल ते. खोटी गरज उलटतपासणीत दोन प्रश्नांत उघडी पडते. सैन्यातल्या किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्या मालकाला राहायला स्वतःचे घर हवे असेल तर त्याच्यासाठी कलम २३ मध्ये वेगळा, लवकरचा मार्ग आहे. आर्मर्ड कोअर सेंटरच्या या शहरात तो माहीत असायला हवा.

समन्स घेऊन बेलीफ जातो. १ मे रोजी बजावणी झाली असे धरले तर भाडेकरूचे दुसरे ९० दिवस ३० जुलैला संपतात. तोवर जुलै धरून १६ महिने झाले. मुद्दलच ९६,००० रुपये. व्याज ज्या महिन्याचे भाडे जितके दिवस थकले तितके. नुसत्या पहिल्या ४८,००० रुपयांवर वर्षाला ७,२०० म्हणजे महिन्याला ६०० रुपये होतात. हा आकडा भाडेकरूलाही नीट दाखवावा. पुष्कळांना वाटते की कोर्टात गेले की प्रकरण लांबते आणि तोवर फुकट राहता येते. प्रत्यक्षात ३० जुलैनंतर त्याच्याकडे थकबाकीच्या मुद्द्यावर फारसे काही उरत नाही. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेत घातलेला आदेश १५-अ आहे: मालकाने अर्ज केला तर न्यायालय भाडेकरूला थकीत आणि चालू भाडे जमा करायला सांगू शकते, आणि त्याने ते केले नाही तर त्याचा बचाव काढून टाकू शकते.

भाडेकरूने सगळे भरले तर? तर तो राहतो, आणि मालकाने ते मनाने मान्य करावे. काकूंना शेवटी भाडेच हवे होते. दिल्लीच्या कायद्यात अशी सवलत त्याच जागेसाठी पुन्हा चूक केल्यावर मिळत नाही. आपल्या कलम १५ मध्ये तशी एकदाचीच अट नाही. पण दाव्याच्या काळात भाडे नियमित भरायचे म्हणजे नियमितच भरायचे. दोन-तीन महिने थांबून एकदम भरले आणि न्यायालयाला ते नियमित वाटले नाही, तर ती सवलत हातची जाते.

भाडेकरूचे ठरलेले काही बचाव असतात. त्यातला एक खरा असू शकतो: छत गळत होते, मी दुरुस्त करून घेतले. जागा दुरुस्त ठेवणे मालकाचे काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून कापता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. काकूंच्या हिशेबात वर्षाचे ७२,०००. म्हणजे १८,००० पर्यंत. बिले दाखवली तर ती रक्कम आनंदाने वजा करून द्यावी.

हे सगळे भाडेकरूचे झाले. तुमचा करार अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर चित्र वेगळे. राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथे लेखी करार हा निर्णायक पुरावा असतो, आणि समोरच्याला ३० दिवसांत परवानगी मागितल्याशिवाय बाजूच मांडता येत नाही. जागा अडवलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. नोंदणी आता घरबसल्या होते, मुद्रांक शुल्क एकूण मोबदल्याच्या ०.२५ टक्के. काकूंनी चार वर्षांपूर्वी हे केले असते तर हा लेख त्यांना लागलाच नसता. मात्र ही वाट फक्त राहत्या जागेची. शिर्डीतल्या गाळ्याचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असला तरी त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

खेडेगावातल्या मालकांसाठीही एक गोष्ट. भाडे नियंत्रण अधिनियम त्याच्या अनुसूचीतल्या शहरांना आणि भागांनाच लागू होतो. तुमचे गाव त्यात नसेल तर ९० दिवसांचा हा खेळ नाही; दरमहाच्या भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपवायचा आणि दिवाणी दावा लावायचा. वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्या गावाला कुठला कायदा?

थकलेल्या भाड्याच्या पैशाला मुदतीचे बंधन आहे: ज्या महिन्याचे भाडे, ते देय झाल्यापासून तीन वर्षे. करोनाकाळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. म्हणून एप्रिल २०२० च्या भाड्याची तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून मोजली गेली आणि फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. भिडेखातर थांबलेल्या पुष्कळ मालकांची त्या काळातली रक्कम अशी गेली. जागेचा हक्क शाबूत आहे, पण त्या महिन्यांच्या वसुलीचा दावा आता लागत नाही. भीड ठेवायचीच असेल तर भाडेकरूकडून थकबाकी कबूल असल्याचे सहीनिशी लिहून घ्या, मुदत संपायच्या आत. तिथून तीन वर्षे नव्याने सुरू होतात.

तडजोडीचा रस्ता शेवटपर्यंत खुला असतो आणि काकूंसारख्यांसाठी मला तोच सगळ्यांत बरा वाटतो. थकबाकीतले काही सोडायचे आणि त्या बदल्यात अमुक तारखेला खोली रिकामी, असे राष्ट्रीय लोकअदालतीत लिहून घेतले तर तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. घरात बसून कोऱ्या कागदावर केलेल्या तडजोडीला ही ताकद नसते.

तडजोड झाली नाही आणि हुकूमनामा काकूंच्या बाजूने लागला तर भाडेकरू जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करील, आणि त्याच्याही पुढे जायचे तर नगर जिल्ह्याला औरंगाबाद खंडपीठ. अपिलात स्थगिती मागितली की काकूंच्या वकिलांनी आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरण पुढे ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये त्यात सांगितले की हुकूमनाम्यानंतर जागा वापरायची तर बाजारभावाने भरपाई देण्याची अट घालता येते; २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तेच पुन्हा म्हटले. सावेडीत तशा खोल्यांना आज ९,००० मिळत असतील, तर जुन्या ६,००० वर स्थगिती मिळेलच असे नाही. ही अट पडली की अपिलाचा उत्साह बराच ओसरतो.

आणि शेवटी दरखास्त. हुकूमनामा हातात आला म्हणजे किल्ली आली असे नाही. अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्यालाच कोर्टात दरखास्त म्हणतात. मग ताबा वॉरंट निघते, बेलीफ येतो, गरज असेल तर पोलीस बंदोबस्त मिळतो. त्या दिवशी काकूंनी स्वतः कुलपाला हात लावू नये. कुलूप उघडायचे ते बेलीफने, पंचांसमोर. आत राहिलेले सामान एकेक करून पंचनाम्यात लिहायचे: लोखंडी कपाट एक, गादी दोन, गॅस शेगडी एक, मुलांची वह्या-पुस्तके. विजेच्या मीटरवरचा आकडा दोन्ही बाजूंनी वाचून त्याच कागदावर लिहून घ्यायचा, खाली तारीख आणि वेळ घालायची, आणि ताबापावतीवर सही करून तिची एक प्रत पावती पुस्तकाच्या त्या कोऱ्या पानांत ठेवून द्यायची.